वरची दांडी

आई, मध्यंतरी मी अगदी तुझ्यासारखं वागून एका दुकानदाराचं डोकं खाल्लं. आठवतंय ना, घाटकोपरच्या भांड्यांच्या दुकानात तू डब्याचं झाकण लावायचीस, काढायचीस, परत लावायचीस. तो वैतागायचा, "बाई, घ्यायचा तर घ्या ना!" तू म्हणायचीस, "उद्या अडकलं तर उघडायला तुम्ही येणार का घरी?" मी लाजेने बाहेर जाऊन उभा राहायचो.

तुझ्या सुनेच्या टाचा दुखतात. तू पाहिलंच नाहीस तिला, तुझ्याहून वीतभर तरी उंच आहे. ओट्याशी उभं राहवत नाही तिला, म्हणून बसून चपात्या लाटता येतील असं उंच स्टूल करायला घेतलं. हो, मीच! हल्ली सुट्टीला बाल्कनीत सुतारकाम करतो, हसू नकोस. खिळे न मारता लाकडी खुंट्यांनी जोडायचं होतं. त्याला दोन्ही लाकडांत समोरासमोर सरळ भोकं लागतात, आणि माझ्या हातात ड्रिल तिरकं जातं. पहिल्या पायाची पार वाट लागली. मग डॉवेल जिग आणायला गेलो, म्हणजे ड्रिल सरळ धरून ठेवणारा साचा. प्लास्टिकचा अगदी स्वस्त होता, पण त्याच्या भोकात ड्रिलचं बिट डुगडुगत होतं. सगळ्यात महागडा म्हणे लाकडाचा मध्य आपोआप शोधतो. वर्षातून एखादी वस्तू करणाऱ्याला कशाला हवीत ती थेरं? मधला घेतला, ॲल्युमिनियमचा, आत पोलादी नळ्या असलेला. पण घेण्याआधी तिथल्याच एका फळीला लावला, काढला, परत लावला, नळीत बिट घालून हलवून बघितलं. "साहेब, इथेच झिजवून टाकताय काय?" दुकानदार म्हणाला. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू!

कांजूरच्या त्या खोलीत तू डब्यांच्या चपात्या उभ्यानेच लाटायचीस. कामावरून आलो की तू कॉटवर बसायचीस आणि मी खाली बसून तुझ्या पोटऱ्या चेपायचो. एकदा म्हणालो, आई, तुला उंच स्टूल आणतो. "आणि ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?" खरंच जागा नव्हती गं. ओटा आणि कपाटाच्या मध्ये तूच जेमतेम मावायचीस.

स्टूल झकास झालं. जराही हलत नाही. पण ही बसली, पाय दांडीवर टेकवले आणि गुडघे वर आले. "काय रे, कुणाच्या मापाचं केलंस हे?"

"चुकलं गं," म्हणालो.

चुकलं नव्हतं, आई. टेप खिशातच होता. पण पाय टेकायची ती दांडी लावताना मी हाताने मोजलं, बसायच्या फळीपासून खाली दोन विती. गुडघ्यापासून टाचेपर्यंत तुझा पाय तेवढाच होता. माझ्या हाताला तो अजून पाठ आहे.

आता रविवारी तिच्यासाठी खाली दुसरी दांडी बसवतोय. वरची काढून टाक म्हणाली. मी सांगितलं, काढली तर भोकं दिसत राहतील, घाण वाटेल. ती बरं म्हणाली. हा कागद जिगच्या डब्यात ठेवतोय, तिथे ती हात घालत नाही. भोकं बुजवायला काय गं, दोन खुंट्या ठोकल्या की झालं. तेवढं तिला सांगू नकोस.