मुकं रान

ता. ११ मे

चि. धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. आम्ही इकडे आहोत तसे आहोत. तुम्हा सगळ्यांची प्रकृती बरी राहावी म्हणून देवाकडे रोज मागणं असतं, ते आज सकाळीही केलं. राग असला तरी त्यात खंड पडू दिला नाही.

तू पाठवलेला चष्मा लागू पडला, म्हणून या वेळी अक्षर ओळीत आहे. तुझ्या वहिनीचा खोकला गेला. मेंढ्यांच्या गळ्यात तुझे जागा दाखवणारे पट्टे बांधल्यापासून तिची थट्टा चालूच असते. "भावजींना विचारा, यांना आता हजेरी लागली, मग रजा कधी मिळणार?"

पट्ट्यांबद्दल मी खोटं बोलणार नाही. मागच्या वर्षी धुक्यात दोन मेंढ्या चुकल्या, त्या फोनवर बघून तासाभरात सापडल्या. पूर्वी दोन दिवस गेले असते आणि नशिबात असती तर कातडीच मिळाली असती. मी सगळ्या तळावर सांगत फिरलो, हे माझ्या भावाचं काम आहे. शिकून गेलेला माणूस आपल्या चालण्याच्या वाटांना कमी लेखत नाही, उलट त्या यंत्राला शिकवतो, याचा मला अभिमान होता.

गेला पावसाळाही कोरडा गेला. हे तिसरं वर्ष. म्हणून तळाचे कारभारी म्हातारबा, त्यांनी मुक्या रानाकडे निघायचं ठरवलं आणि मला पुढे चालायला लावलं.

तुला मुकं रान माहीत आहे, तरी लिहितो. लिहिल्याशिवाय माझं मन जागेवर येणार नाही. ते रान कुणी कुणाला तोंडानं सांगत नाही. एकानं दुसऱ्याला चालत न्यायचं, एवढीच रीत. सलग तिसरं वर्ष कोरडं गेलं तरच कळप न्यायचे; एरवी वर्षातून एकदा एकानं जाऊन झरा उपसून यायचा. एका वेळी दोन कळप, सात दिवस, मग ते बाहेर आणि पुढचे दोन आत. झऱ्यावर मेंढ्या सोडायच्या नाहीत, पाणी वाहून आणून पाजायचं. मला वडिलांनी नेलं. तुला मी नेलं.

चौथ्या दिवशी आम्ही खिंड ओलांडली. खाली नऊ कळप होते. झऱ्यापर्यंत ट्रकच्या चाकोऱ्या गेलेल्या आणि झऱ्याच्या जागी तुडवलेला चिखल. गवत तर मुळासकट गेलेलं. त्यातला एक मेंढपाळ पुढे आला. बिचारा ओशाळला होता. म्हणाला, "पाहुणे, आम्ही कुठे मागून घेतलं? आम्हाला मेसेज आला." त्यानं फोन पुढे केला. जवळचा चारा एकोणीस किलोमीटर, पाणी आहे, असं त्यावर लिहिलं होतं. तो मेसेज चारशे जणांना गेला होता.

आमच्या एकतीस मेंढ्या परतीच्या वाटेवर पडल्या. पोटात पिल्लं होती त्याच आधी पडल्या.

तुला तुझ्या ऑफिसातली ती दुपार आठवते का? न उघडणारी खिडकी, तीन पडदे, कागदी कपातला कोमट चहा. तू नकाशा लावलास आणि मागच्या वर्षी झरा उपसायला जाताना मी सोबत नेलेल्या म्होरक्या मेंढीचा ठिपका मुक्या रानात दिसला. मी घाबरून म्हणालो, "पट्टा काढायचा राहिला रे. हे पुसता येतं का?" तू बटण दाबलंस. ठिपका गेला. "पुसलं, दादा. आता हे तुझ्या-माझ्यातच." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

मागच्या आठवड्यात तुमच्या ऑफिसच्या बाई तळावर येऊन गेल्या. चांगल्या आहेत, खाली मातीत बसल्या. त्यांनी छापील पुस्तिका दिली. तिच्यात आपलं रान आहे, 'राखीव चारा क्षेत्र' म्हणून. बाई कौतुकानं म्हणाल्या, "हे तुमच्या भावानंच शोधलं. याच्यामुळे तर मेसेजची ही योजना मंजूर झाली." मी पुस्तिका मिटली आणि त्यांना पाणी विचारलं.

फोनवर तू म्हणालास, "दादा, गवत काय आपल्या मालकीचं आहे? लोकांची जनावरं मरत होती." बोलणं बिनचूक आहे. पण आपण कधी कुणाला नाही म्हटलं? दारात आला त्याला हाताला धरून नेलं आणि सात दिवसांनी हाताला धरून बाहेरही आणलं. तुझ्या मेसेजात आत जायची वाट होती, बाहेर कधी यायचं ते नव्हतं. हे तू मला विचारलं असतंस तर मी तुझ्या शेजारी बसून सांगितलं असतं. तेही यंत्राला शिकवता आलं असतं. तू विचारलं नाहीस, कारण विचारायला आधी कबूल करावं लागलं असतं की पुसलं नव्हतं.

आता माझं. पट्टा काढायचा राहिला, हे खोटं होतं. त्या वेळी खिंडीपाशी माझा हात म्होरक्या मेंढीच्या गळ्याशी गेला होता. बक्कल बोटांत होतं. मी ते तसंच सोडलं. गुडघे थकत चाललेत, यापुढे कितीदा जाणं होईल कोण जाणे. ते रान एकदा वरून बघावं, देवाला दिसत असेल तसं, असा मोह झाला. ही कबुली आजवर मी देवापुढेही धड दिली नव्हती.

म्हातारबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वाट कुणी सांगितली?" मी म्हणालो, "माझ्या हातून गेली." तुझं नाव घेतलं नाही. पुढे चालायचा मान आपल्या घरातून काढून घेतला. आता आपला कळप सर्वांत मागे, इतरांच्या धुळीत चालतो. वहिनी तोंडाला पदर लावून मेंढ्या हाकते. ती थट्टा करायची तेच बरं होतं.

या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सगळे पुन्हा बसणार आहेत. तिथे मी बकलाचं सांगणार आहे. तुझं मी सांगणार नाही, ते तुझं तू सांगायचं. गाडी सडकेवर ठेव आणि चालत ये. ऑफिसच्या साहेबांना आणू नकोस, नकाशाही नको. आलास तर तुझ्या शेजारी बसेन. नाही आलास तर हे पत्र शेवटचं समज.

अजून तरी तुझा,
थोरला