मर्डोचा शेवटचा डोंगर

१२ मे, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही करायचं मनात असेल तर या उन्हाळ्यात उरकून घ्या." त्यांना वाटलं, मर्डो स्पेनला जायचं म्हणतोय! मी खुलासा केला नाही.

मग मला बाजूला घेऊन, "यांना बसू देऊ नका. चालतं ठेवा. हा कंपवात बसलेल्या माणसाला फार लवकर धरतो." मी म्हटलं, "तीस वर्षांच्या संसारात मला हा माणूस कधी बसवता आलेला नाही, तुम्ही काळजी करू नका." त्या हसल्या. मी हसले. मर्डो कोट शोधत होता, कोट अंगातच होता.

येताना गाडी मीच चालवली. त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, आणि त्यावर डावा हात दाबून ठेवलेला. ग्लेन्कोच्या वळणावर एवढंच म्हणाला, "दोनच राहिलेत."

ठाऊक आहे बाबा. दोनच राहिलेत हे आमच्या मांजरालाही ठाऊक आहे.

१४ मे

एकदा लंडनच्या एका संपादकाला हे प्रकरण समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. तीन हजार फुटांवरचा डोंगर म्हणजे मन्रो. असे पावणेतीनशेच्या वर आहेत. ते सगळे पायाखाली घालायचे. तो म्हणाला, "मग काय मिळतं?" मी म्हटलं, "काही नाही." त्याला वाटलं मी विनोद करतेय. लेख छापला नाही.

शहाणी माणसं शेवटी एखादा गोलमटोल, गवताळ डोंगर राखून ठेवतात. सासूला घरातल्या चपला घालून येता येईल असा! सगळा गोतावळा वर जातो, केक कापतात, व्हिस्की फिरते, एखादा मेहुणा बॅगपाइप फुंकून मेंढ्या पळवून लावतो. आमच्या साहेबांनी काय राखलं? ओनाख एगाख. दोन टोकांना दोन शिखरं, मधे मैलभराहून लांब करवत. दोन्ही बाजूंना नुसती हवा. मधेच उतरायला वाट नाही. एकदा चढलात की पार पलीकडेच निघायचं.

"सगळ्यात गोड घास शेवटी," म्हणतो. "हात असा दगा देईल हे मला काय ठाऊक?"

मी उठून त्याच्या बुटांना मेण लावलं. असं क्वचित होतं.

१७ मे, शनिवार

टोर्मोद आला होता. शाळेपासूनचा मर्डोचा दोस्त, आता बचाव पथकात. माझा अख्खा ओटकेक-चीजचा डबा संपवला आणि मग मुद्द्यावर आला.

"हाताचं मला भय नाही. दगड धरला की थरथर थांबते, मी पाहिलंय. पायांचं काय?"

पायांचं असं आहे की ते अडकतात. मोकळ्यावर मर्डो टोर्मोदच्या पुढे चालेल. पण दार आलं, बोळ आला, कुठलीही अरुंद जागा आली की पाय जमिनीला खिळतात. काल न्हाणीघराच्या दारात बराच वेळ उभा होता. मी पलीकडून विचारलं, "आत की बाहेर?" तो म्हणाला, "ठरतंय."

"ओनाख एगाखला दार नाही," मर्डो म्हणाला.

"सगळं दारच आहे ते, गड्या. मैलभर दार!"

 शेवटी टोर्मोदने दोर आणायचं कबूल केलं. मी काहीच कबूल केलं नव्हतं, तरी जाताना म्हणतो कसा, "ऊना, तू मधे. तो तुझंच ऐकतो."

माझं ऐकतो! बावन्न वर्षांच्या आयुष्यात इतकी शुद्ध थाप ऐकली नव्हती.

२० मे

साप्ताहिकाचा माझा विनोदी स्तंभ पाठवला. एकही वाक्य हसण्यासारखं नव्हतं. संपादक म्हणे, "फर्मास!"

२२ मे

मला जायचं नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. माझे गुडघे दमलेत, मी दमलेय. तीस वर्षं शनिवार-रविवार ओल्या मोज्यांचा वास. मी यातले निम्मे डोंगर चढले आणि एकही मोजला नाही. मी सँडविच वाहिली.

पण टोर्मोद एकटा त्याला नेऊ शकणार नाही, आणि मर्डो एकटा जाऊ शकेल. तेच तर भय आहे.

शनिवारी हवा कोरडी राहील, हवामानवाले म्हणतात. त्यांच्या तोंडात साखर पडो. की माती? ठरवता येत नाही.

२५ मे, रविवार

जिवंत आहे. मांड्या मात्र माझ्या नाहीत. जिना उलटी उतरते आहे.

काल सकाळी चढायला लागलो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. पहिला चढ सरळ छातीवर. हा अम बोदाख, म्हणजे म्हातारा; मोजणीत न धरलेला. वर पोचलो, तर लगेच खाली उतरायचं, कड्याकडे तोंड करून, पाय चाचपत. हजारो बुटांनी घासून दगड साबणासारखा गुळगुळीत झालेला. टोर्मोद वर दोर धरून. मर्डो उतरला तो असा उतरला की जसा रोज त्याच वाटेने दूध आणायला जातो! हात स्थिर. खालून मला ओरडतो, "डावा पाय! तुझा डावा, ऊना, माझा नव्हे!" मी त्याला काय म्हटलं ते लिहीत नाही, हे पान चांगल्या कागदाचं आहे.

मग दोनांतलं पहिलं शिखर झालं. टॅब्लेट नावाच्या आमच्याकडच्या वडीचे तुकडे चघळले. नुसती साखर, दात हलले. खाली रस्त्यावर प्रवाशांच्या गाड्या मुंग्यांसारख्या. धुकं नव्हतं हे वाईटच. धुकं असतं तर खाली काय आहे ते दिसलं नसतं.

मग सुळके. एका जागी धार इतकी निमुळती होते की चालायचं म्हणजे एक पाऊल झालं की दुसऱ्याला जागा त्याच्याच पुढे. इथे टोर्मोदने मला पुढे घातलं. मी पार झाले. कशी ते विचारू नये, मी बसून, सरकत, देवाला जुन्या उधारीची आठवण करून देत पार झाले. मागे वळले. मर्डो उभा.

उभाच.

"ये," मी म्हटलं.

"येतोय."

आला नाही. पाय खिळले होते. चेहऱ्यावर काही नाही. हल्ली चेहऱ्यावर काहीच नसतं, ते आजाराचंच. पण डोळ्यांत होतं. टोर्मोद त्याच्या मागे, दोर ताणून धरलेला, हलक्या आवाजात, "घाई नाही, गड्या. सावकाश." वारा उत्तरेकडून ढकलायला लागला. किती वेळ गेला? मला वाटलं, वर्ष गेलं. टोर्मोदने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ होता, हेलिकॉप्टर. आणि तेही या धारेवरून माणूस उचलणार कसा?

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं करून पाहिलं. आकडे मोजले. एक-दोन, एक-दोन. "मी शाळेत नाही," मर्डो म्हणाला. गाणं म्हटलं. "देवा, गाणं नको."

मग मला काय झालं कोण जाणे. अठ्ठावीस वर्षं हा माणूस आमच्या खाडीवरच्या फेरीबोटीत गाड्या चढवत होता. उलटं चालत, दोन्ही तळवे स्वतःकडे हलवत, गाडीवाल्याला एक शब्द न बोलता. मी त्या करवतीवर त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले — उभी! — आणि दोन्ही तळवे हलवायला लागले. ये. ये. चाक सरळ. अजून ये. थोडं डावीकडे. ये, ये, ये.

मर्डोचे डोळे बारीक झाले.

"मी काय गाडी आहे?"

"कॅम्परव्हॅन. जुनी. खालून गळते. चल, मागे रांग लागलीय!"

मागून टोर्मोदने तोंडाने भोंगा वाजवला.

आणि पाय सुटला! एक, मग दुसरा. तो येत होता, माझ्या तळव्यांकडे बघत, आणि पुटपुटत, "हात फार वर नेतेस. असा इशारा केलास तर चालक समुद्रात जाईल. खाली घे. मनगट, मनगट हलव..." अख्खी अवघड जागा त्याने माझी चूक काढत पार केली.

त्यानंतर प्रत्येक सुळक्याला मी फेरीबोटवाली. हात दुखून आले.

शेवटच्या शिखरावर पोचलो. टोर्मोदने बाटली काढली, भाषण सुरू केलं, विसरला, प्यायला. मर्डोने माथ्याची खूण म्हणून रचलेल्या दगडांच्या ढिगाला हात लावला. मला वाटलं रडेल. मी रडायची तयारी करून ठेवली होती.

तो म्हणाला, "बरं. झालं." आणि हातमोजे मागितले.

२८ मे

मर्डो खिडकीजवळच्या खुर्चीत. थकला असेल. मीही थकलेय.

३१ मे, शनिवार

डोलीनाच्या बारमध्ये मर्डोचा सत्कार! डोलीनाने स्वतः केक केला, वर साखरेचा ओनाख एगाख. दिसत होता मेलेल्या साळिंदरासारखा. सगळे मर्डोच्या पाठीवर थापा मारत होते, तो "वाईट नव्हतं" म्हणत होता. आमच्याकडे यापेक्षा मोठी बढाई मारायची पद्धत नाही.

टोर्मोद तिसऱ्या ग्लासानंतर रंगात आला. ग्याल खार्न नावाचे मन्रो चार. म्हणजे पांढरा ढिगारा, पांढरा ढिगारा, पांढरा ढिगारा आणि पांढरा ढिगारा. पूर्वजांनी डोंगर खूप दिले, नावं मोजकी दिली. तर इन्व्हरनेसचा कुणी दंतवैद्य म्हणे सगळे मन्रो संपवून बसला, पार्टी झाली, चषक मिळाला, आणि मग कळलं की एका ग्याल खार्नवर हा दोनदा गेला आणि दुसऱ्यावर गेलाच नाही!

"मग?" डोलीनाने विचारलं.

"मग काय! चषक परत, बूट पुन्हा पायात!"

बार हसून कोसळला. मर्डोही हसला. जरा उशिराने.

घरी येताना म्हणाला, "नशीबवान माणूस."

"कोण?"

"तो दंतवैद्य."

३ जून

मर्डो खुर्चीत. सकाळी खुर्चीत, जेवायला खुर्चीत. "खाडीपर्यंत जाऊन येऊ या?" — "कशाला?" हे विचारणारा माणूस कोण आहे? तीस वर्षं हाच प्रश्न मी विचारायचे!

आज खुर्चीतून उठताना तीनदा प्रयत्न करावा लागला. गेल्या महिन्यात एकदा पुरायचा. डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. मी कड्याला भीत होते. कड्यावर तो ठीक होता. पडायला त्याला ही गादीवाली खुर्ची पुरे आहे.

टोर्मोदने फोन केला, "दुसरं काही काढू या त्याच्यासाठी. मासेमारी?" मर्डोला सांगितलं. तो म्हणाला, "मासे मोजायचे का आता?" आणि डोळे मिटले.

भांडायलाही उठत नाही. मला सवय नाही याची.

५ जून

सकाळी लापशी खाताना, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता मी म्हटलं, "मोनालियातल्या त्या ग्याल खार्नवर आपण लग्नाआधी गेलो होतो. गारा पडल्या होत्या तो दिवस."

"हं."

"माथ्यावर दगडांचा ढीग केवढा होता रे?"

"धुकं होतं. हाताला दगड लागले, परत फिरलो. का?"

"गुडघ्याएवढा होता. मी त्याच्यावर बसले होते."

"बरं मग?"

"डोलीनाच्या बारमध्ये भिंतीवर फोटो आहे. खऱ्या माथ्यावरचा ढीग पुरुषभर उंच आहे."

चमचा वाडग्यात थांबला.

"होकायंत्र बरोबर होतं," मर्डो म्हणाला.

"होकायंत्र बरोबरच असेल. वाचणारा तू होतास."

 मग तो उठला. एका प्रयत्नात! स्वयंपाकघराच्या दारात पाय अडकला, त्याने दाराला एक सणसणीत शिवी हासडली आणि पार झाला. पाच मिनिटांत नकाशा जमिनीवर पसरलेला आणि हा त्यावर रांगतोय. "सपाट माळ... सगळं सारखंच... अलीकडचा उंचवटा! आपण अलीकडच्या उंचवट्यावरून फिरलो!" मग माझ्याकडे वळून, "इतकी वर्षं! इतकी वर्षं तू गप्प बसलीस?"

"तू विचारलं नाहीस."

"बाई आहेस की काय आहेस!"

टोर्मोदला फोन. "ऐक, गड्या. एक बाकी आहे... हसू नकोस... अरे, हसू नकोस म्हणतो ना! ...नाही, सोपा आहे, नुसतं गवत आणि चिखल, पण लांब आहे. पाय मोकळे करावे लागतील. रोज. आजपासून."

संध्याकाळी खाडीपर्यंत जाऊन आला. एकटा. मला बरोबर घ्यायला तयार नव्हता. म्हणे, माझं तोंड बघायची इच्छा नाही.

६ जून

गारांच्या त्या दिवशी ढीग माझ्याहून हातभर उंच होता. वाऱ्याच्या आडोशाला त्याला पाठ टेकून मी अंड्याचं सँडविच खाल्लं होतं, आणि मर्डो पलीकडच्या बाजूला उभा राहून होकायंत्राला शिव्या देत होता.