ओढ्याअलीकडचा बोका

२३ जानेवारी

आजही शिकारीसाठी लावलेला फास मिटलेला! तारेचं कडं ओढून बंद केलेलं आणि शेजारी ड्वेनच्या बुटांचे ठसे. जावई झाला म्हणून काय झालं, माझ्या फाशांशी त्याचं काय काम?

माझ्या लेकीला, अर्लीनला, बाळंतपणासाठी विमानाने व्हाइटहॉर्सच्या इस्पितळात नेलं आणि इथे रानात उरलो आम्ही दोघं. मी या झोपडीत, तो तळ्यापलीकडच्या. सासूने जावयाशी बोलायचं नाही, त्याने सासूकडे बघायचं नाही — मान असतो तो. आजवर सगळं अर्लीनच्या तोंडून चालायचं. आता कुणाच्या तोंडून विचारू? चिठ्ठी लिहिणं म्हणजेही बोलणंच.

२५ जानेवारी

कडाक्याची थंडी. बाहेर पडलेच नाही.

२८ जानेवारी

त्याचा डोळा लिंक्सच्या, त्या मोठ्या रानमांजराच्या, मादीवर आहे; माझे फास मिटवतो म्हणजे तिला स्वतःच धरायचं असणार. खात्रीच झाली माझी.

मेअखेर ओढ्यापलीकडे, उन्मळलेल्या स्प्रूसच्या झाडाखाली तिने तीन पिल्लं घातली. जूनमध्ये मी लपून बघितली, डोळे निळे होते. बाप फिरकलासुद्धा नाही. बोक्याची जात ती, लग्नापुरता नवरदेव! दूध, ससे, राखण, सगळं तिने एकटीने केलं. आता पिल्लं दिसायला तिच्याएवढी, पण एकालाही ससा धड पकडता येत नाही. मार्चमध्ये बोके ओरडू लागले की तीच त्यांना हाकलेल. तोवर त्यांचं पोट तिच्यावर. म्हणून आमच्यात पिल्लंवाली मारत नाहीत. अँगस जिवंत होता तेव्हा दर हिवाळ्यात बजावायचा, "आई गेली की रान गेलं." नवऱ्याचं एवढं एकच म्हणणं मी मुकाट्याने ऐकलं.

ड्वेन नदीच्या खालच्या गावचा. तिकडे हे पाळतात की नाही, कोण जाणे. त्यात घरात बाळ येणार, कातड्याचे पैसे हवे असणार. माणसाची नियत फिरायला वेळ लागत नाही.

२ फेब्रुवारी

पीठ आणि चहा आणायला हमरस्त्यावरच्या दुकानात गेले. अर्लीनला फोन लागला नाही. दुकानवाल्या गोल्डीने माझं गाऱ्हाणं ऐकलं आणि हसत सुटली. "अँगसलासुद्धा तू पहिली पाच वर्षं चोरच म्हणायचीस. जावई बरा आहे गं, तुझे डोळेच वाकडे." हिला बोलायला काय जातं! हिला ना लेक ना जावई.

७ फेब्रुवारी

मांडीभर ताजा बर्फ. ओढ्याच्या अलीकडे एकच माग — खोल, मोठ्ठे पंजे. एकटा बोका! मादी पिल्लं घेऊन पलीकडेच असते, सशांच्या झुडपात चौघांचे माग शेजारी शेजारी उमटलेले मी किती वेळा पाहिलेत. लगेच फास लावला. ड्वेनचे ठसे कुठे दिसतात का, ते तेवढं नीट बघून घेतलं. नव्हते.

८ फेब्रुवारी

मिटवला! आणि शेजारी बर्फात स्प्रूसची फांदी रोवलेली. म्हणजे जागा स्वतःसाठी धरली की काय? भामटा मेला. मी फास पुन्हा उघडला आणि फांदी घरी आणून चुलीत घातली. फार बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

दिवेलागणीला ड्वेन दाराशी आला. असा कधी येत नाही. मान खाली, एवढ्या थंडीत टोपी हातात. मी रीतीप्रमाणे पाठ फिरवली आणि मूस हरणाचं मटण ढवळत राहिले. घसा खाकरला, मग गेला. चोराच्या मनात चांदणं! अर्लीन आली की सांगणार आहे, पुढच्या हिवाळ्यात हा माझ्या रानात नको.

११ फेब्रुवारी

मादीच. माझ्या फासात, गोठलेली. पिल्लांनी तिच्याभोवती बर्फ तुडवला होता आणि मग आल्या वाटेनेच परत गेली होती, तिने पाडलेल्या खड्ड्यांत पाय टाकत. चौघांचा एक माग. मांडीभर बर्फात ती अशीच चालतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी बुटांचे ठसे शोधत होते.

ड्वेन माझ्याआधी पोचला होता. झाडाकडे तोंड करून बोलला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"आई, परवा हेच सांगायला आलो होतो."