अर्धी-अर्धी गोळी

प्रिय शमशुद्दीन,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला कुठं ठाऊक! सातवीतच शाळा सुटली. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहून तुझ्या दाराच्या फटीतून सरकवणार आहे. चाहूल लागली तरी दार उघडू नकोस. तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही.

माझी नात क्रांती आणि तुझी नात जोया, दोघींना लहानपणापासून साखर. इन्सुलिनच्या सुया टोचून घेतच वाढल्या पोरी. आता दोघींच्या मूत्रपिंडांना लागलंय. राजारामपुरीतल्या दवाखान्यात नव्या गोळीची चाचणी निघाली, तेव्हा तूच आम्हाला घेऊन गेलास. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची, आणि कुणाला कुठली ते डॉक्टरांनाही माहीत नाही, हे ऐकलं आणि माझी झोप उडाली. माझ्याच नातीच्या वाट्याला फुसकी आली असणार, असं सारखं वाटायचं. तेव्हा तू म्हणालास, “सयाजी, येडा हायस काय? कागलला कारखान्यात एक डबा दोघांत खाल्ला न्हाय आपण? पोरींच्या गोळ्या बी निम्म्या-निम्म्या करू. एकीची तरी खरी असंलच की.” मला ते लाखमोलाचं शहाणपण वाटलं. तुझ्या घरी सुगरावहिनी पानाच्या अडकित्त्यानं गोळ्या फोडायच्या आणि दोघी पोरी हसत अर्धी-अर्धी गिळायच्या.

मागच्या तपासणीला क्रांतीच्या बाटलीत एक अर्धुक सापडलं. पोरीला खोटं बोलता येत नाही. वाटून घेतो म्हणाली, पण कुणाबरोबर ते सांगितलं नाही. तिथल्या तिथं तिला चाचणीतून काढलं. तू जोयाला घेऊन समोरच्याच बाकावर बसला होतास. मी आधाराला तुझा खांदा धरला, तर नर्सच्या देखत तू म्हणालास, “पावणं, जरा तिकडं सरका की.”

पावणं! तुझ्या पोराच्या, कामिलच्या लग्नात मी घरच्यासारखा मांडवाच्या दारात उभा होतो, माणसांना हाताला धरून जेवायला बसवत होतो. तू जोयाला वाचवत होतास, हे मला कळतं. कळतं म्हणून आतली आग विझत नाही. तिची गोळी चालू राहिली, माझ्या पोरीची बंद झाली.

त्या तपासणीला घेतलेल्या क्रांतीच्या रक्ताचा रिपोर्ट आज सकाळी आला. पोटॅशियम फार वाढलंय. डॉक्टरीणबाई क्रांतीला म्हणाल्या, खऱ्या गोळीनं असं होऊ शकतं. ज्याच्याबरोबर वाटलीस त्याचं रक्त आजच बघायला हवं, नाहीतर काळीज चालता चालता थांबेल. तरी क्रांतीनं तोंड उघडलं नाही. उलट बाहेर आल्यावर मलाच म्हणाली, “आबा, जोयाचं नाव घेतलासा तर माझं मेल्यालं तोंड बघशीला.” खरी गोळी जोयाचीच असली, तर ती आता अख्खी घेतेय. म्हणून सांगतो, तिला आत्ताच्या आत्ता घेऊन जा आणि सगळं खरं बोल. तिलाही काढतील. इतके दिवस मी देवाकडं तेच मागत होतो, आणि आता ते मागणं परत घेतोय. दवाखाना बंद व्हायच्या आत तू पोचला नाहीस, तर नाव मी सांगणार आहे. मग क्रांती जन्मात माझ्याशी बोलली नाही तरी चालेल.

संध्याकाळपर्यंत तरी तुझाच,
सयाजी