'झोपली आहे'

प्रिय छटाक,

आपल्या शेतावर तुझ्या झोपडीच्या दाराला गेले एकोणीस दिवस एकच पाटी आहे, 'झोपली आहे'. मी 'गेम' नाही, 'शेत' म्हणालो, याची नोंद घे. हाच माणूस गेल्या वर्षी तुला म्हणाला होता की काचेमागच्या चिखलात काय ठेवलंय. खेळाडू हजर नसला की त्याच्या दारावर ती पाटी आपोआप लागते, हे मला ठाऊक आहे. तिचा अर्थ इतकाच, की छटाक कामात आहे, रविवारी येईल. पण तीन रविवार गेले. फोन बंद आहे. माझ्या चार निरोपांना उत्तर नाही. वळणं घेत लिहायला मला कुणी शिकवलं नाही, म्हणून सरळ लिहितो. मी घाबरलोय.

माझी पाठ धरली आणि मी महिनाभर आडवा पडलो, तेव्हा तू चार दिवस घरी येऊन राहिली होतीस. गिऱ्हाइकांचे दुरुस्तीला आलेले वजनकाटे दुकानात ओळीने पडून होते आणि मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. तू जुन्या कॉम्प्युटरवर हा खेळ चढवलास, मला एक माणूस करून दिलास, त्याला गरजेपेक्षा जास्त मिशा दिल्यास आणि त्याचं नाव 'तपासनीस' ठेवलंस. खेळाच्या सुरुवातीलाच एक म्हातारा मेला आणि पत्रातून नातवाला शेत देऊन गेला. तू सांगितलंस, शेतीच्या सगळ्याच खेळांत असं असतं, आजोबा आधी मरतात, मग शहराला विटलेला नातू गाडीतून उतरतो. मी विचारलं, मधला बाप कुठे गेला? तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, अहो बाबा, बाप असता तर म्हणाला असता आधी नोकरी सोडू नकोस, आणि गोष्ट तिथेच संपली असती! मीही हसलो. मला तो विनोद वाटला होता.

मग मी खेळातल्या चुका लिहायला घेतल्या. मुळा चार दिवसांत तयार होतो. महिना अठ्ठावीस दिवसांचा, कुठलाही घ्या. गाय वासराशिवाय दूध देते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. लोहाराकडे कुदळ दिली तर दोन दिवस तो तिला हातसुद्धा लावत नाही, दिवसभर भट्टीपुढे नुसता डुलत असतो, तरी तिसऱ्या दिवशी कुदळ नवी. माझ्या दुकानात असं एकदा करून दाखव म्हणावं. गावात कुणी म्हातारं होत नाही. शाळेतल्या बाई दर मंगळवारी तेच वाक्य बोलतात. विहिरीजवळच्या विधवेला आठवड्यातून दोनदाच भेट चालते, तिसऱ्यांदा दिली तर हात मागे घेते. तिच्या नावापुढे मैत्रीचे आठ बदाम भरेपर्यंत ती फक्त हवापाण्याचं बोलते, आठवा बदाम भरला की मग एकदम आपलं दुःख सांगते. अशा एक्केचाळीस चुका झाल्या. तू म्हणालीस, शेवटची चूक नाही बाबा, ती तेवढी बरोबर आहे. मी ती खोडली नाही. आज खोडली.

मला सगळ्यात खटकायचा तो कोसळण्याचा नियम. शक्तीची पट्टी संपली की माणूस असेल तिथे पडतो, पडदा काळा होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्याच अंथरुणात. टपालपेटीत चिठ्ठी असते की काल तुम्ही वाटेत पडलेले सापडलात, कुणीतरी घरी आणून सोडलं. कुणी, ते सांगत नाहीत. मी म्हणायचो, ही काय पद्धत झाली? नाव नाही, साक्षीदार नाही. तू दिवसाआड कोसळायचीस आणि फोनवर खिदळायचीस, बाबा, आज मला नक्की सुताराने उचललं, पायाला भुसा लागलाय! मी वर्षभरात एकदाही कोसळलो नाही. पट्टीत दोन रेघा उरल्या की माझा तपासनीस घरचा रस्ता धरायचा. ते मी तुला ऐकवायचो, आणि एकदा नव्हे.

आता त्या शनिवारचं सांगतो. सकाळी शेत उघडलं तर माझ्या फाटकाबाहेर सहा पेट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर तुझ्या हातची पाटी, 'बाबांसाठी'. आत तुझी ती एका दमात नऊ वाफे भिजवणारी झारी, गळ, चारही ऋतूंचं बियाणं, खाणीतून आणलेले रंगीत दगड. तुझ्या चौदा कोंबड्या माझ्या खुराड्यात आल्या होत्या. घोडासुद्धा माझ्या नावावर झाला होता. आणि छटाक, मला आनंद झाला गं. वाटलं, चला, पोरीला शेवटी पटलं की शेत एका हातात असलेलं बरं. मी कामाला लागलो. बियाणं ऋतूवार लावलं, दगड रंगावार लावले. तुला निरोप धाडला, 'पेट्या मिळाल्या. मांडणी सुधारली आहे. कोंबड्यांची नावं बदलू का?' ही मूर्खपणाची ओळ मी पाठवली आहे, ती परत घेता येत नाही. तू उत्तर दिलं नाहीस तर मला वाटलं, नावांवरून रुसलीस. सोळा दिवस मी तुझं सामान लावत बसलो होतो.

परवा तुझी आई कप उचलायला आली. तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. माझं डोकं फिरलंय आणि म्हातारपणी मी बाहुल्या मांडतोय, असं ती शेजारणीला माझ्यादेखत सांगते. मी तिला मोठ्या तोऱ्यात पेट्या दाखवल्या. तिने चष्मा वर केला, बघितलं आणि एवढंच विचारलं, अहो, मग तिने स्वतःला काय ठेवलं?

मी म्हणालो, थांब, दाखवतो. तपासनिसाला घेऊन तुझ्या बाजूला गेलो. तिथे काही नव्हतं. एकही पेटी नव्हती. कुंपण उपटून त्याच्या फळ्या नीट एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. वाफे मोकळे होते. ते आपोआप होत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. प्रत्येक रोपावर वेगळी कुदळ मारावी लागते, आणि तुझे वाफे शहाऐंशी होते. म्हणजे तू शहाऐंशी वेळा कुदळ मारलीस. पिकायला आलेल्या भोपळ्यांवरसुद्धा. कुत्रा तेवढा होता, कारण या खेळात कुत्रा दुसऱ्याला देता येत नाही. त्याची वाटी काठोकाठ भरलेली होती. तुझ्या आईने हातातला कप खाली ठेवला. ती म्हणाली, फोन लावा. मी म्हणालो, बंद आहे. ती म्हणाली, कधीपासून? मला सांगता आलं नाही. काटा केसभर सरकला तरी रात्रभर डोळा न लागणारा मी, आणि मला सांगता आलं नाही.

काल सकाळी तुझ्या नकाशांच्या ऑफिसात फोन केला. फोन घेणारी बाई म्हणाली, त्या दोन महिन्यांपासून नसतात इथे, तुम्ही त्यांचे कोण? मी म्हणालो, वडील. मग ती हळू आवाजात म्हणाली, तुम्हाला नाही का सांगितलं त्यांनी? रागाने विचारलं असतं तर मी भांडलो असतो. तिने कीव केली. फोन ठेवल्यावर मला मधला बाप आठवला, आणि तुझं ते पोट धरून हसणंही. तू तेव्हाच मला नोकरी सोडण्याचं विचारून बघत होतीस, हो ना? खेळाच्या आडून. आणि मी चुकांची यादी वाढवत होतो.

काटा उघडायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नाही. चौदाव्या वर्षी एका दुकानदाराचा मोडका काटा मागून आणला, सुटा केला, जोडला, पुन्हा सुटा केला. कुणाला विचारलं नाही, कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही, आणि हे आयुष्यभर छाती काढून सांगितलं. तू नऊ वर्षांची असताना दुकानात माझ्या पायाशी बसून गणित करायचीस. एक अडलं तर वही वर धरलीस. मी बघितलंसुद्धा नाही. म्हणालो, विचारू नकोस, शोध. तू शोधलंस, दीड तासाने. मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगितलं. मी तुला शिकवलेल्यांपैकी सगळ्यात पक्कं बसलेलं ते हेच असेल, याची मला भीती वाटते. अडलं तरी वही वर धरायची नाही.

फोन ठेवला आणि शेत उघडलं. हे कुणाला सांगू नकोस. तपासनिसाला कुऱ्हाड दिली आणि तुझ्या झोपडीमागची झाडं तोडायला लावली. पट्टीत दोन रेघा उरल्या, तरी थांबवलं नाही. एक उरली. मग त्याला चालवत तुझ्या दारापुढे नेला आणि तिथे जमिनीवर नुसतीच कुऱ्हाड मारली. कोसळला. मला बघायचं होतं की पाटी हलते का. चौपन्न वर्षांचा माणूस मी, खुर्चीत ताठ बसून एका पाटीकडे बघत होतो. पडदा काळा झाला. सकाळ झाली, तो आपल्या घरात, आपल्या अंथरुणात. चिठ्ठीत तेच, कुणीतरी आणून सोडलं. दारावर पाटी तशीच. तुझी आई मागे उभी होती. मला वाटलं, आता टोमणा येणार. ती म्हणाली, बॅग भरते.

हे मी तपासणीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहितोय, खिशात तेच होते. तुझ्या इमारतीच्या जिन्यात, तुझ्या दारासमोरच्या पायरीवर बसलोय. इथला दिवा दर दोन मिनिटांनी विझतो आणि उठून बटण दाबावं लागतं, म्हणून अक्षर मध्येच वेडंवाकडं झालंय. मी तीनदा दार वाजवलं. दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा आत खुर्ची सरकली, ते मी ऐकलं. तू आत आहेस. तुझी आई खाली घरमालकीणबाईंकडे बसली आहे. ती धावत वर येत होती, मीच थांबवलं, दोघं मिळून दार बडवलं तर तू आणखी आत जाशील म्हणून. बाईंनी दुसरी किल्ली दिली आहे. माझ्या मुठीत आहे. मी ती लावलेली नाही, कारण तू आतून उघडावंस असं मला फार वाटतं. नोकरीचं विचारणार नाही. काहीच विचारणार नाही. हे कागद दाराखालून सरकवतोय. उत्तर लिहू नकोस, बोलू नकोस, उठवत नसेल तर जमिनीवरूनच कर, पण यातला एक कागद परत बाहेर ढकल. नुसतं एक टोक दिसलं तरी पुरे, मग मी संध्याकाळपर्यंत इथे बसून राहीन. आणि टोक दिसलं नाही, तर कागद सरकवल्यापासून दिवा पाचव्यांदा विझेल तेव्हा मी किल्ली लावणार आहे. आधी सांगून ठेवतो. मग हवं तेवढं रागव. आता माझी नजर दाराच्या फटीवरून हलणार नाही.

तुझाच,
बाबा