खालच्या शेतातली नळी

प्रिय ओस्सी,

आधी घडलं ते लिहिते.

१. मंगळवारी बाबा ट्रॅक्टरला पेरणीयंत्र जोडून तळ्याकडच्या खालच्या शेतात गेले.
२. शेताच्या मध्यावर मागची चाकं आसापर्यंत चिखलात रुतली.
३. शेजारच्या काउकोने आपल्या ट्रॅक्टरला पोलादी दोर लावून ओढलं. दोर तुटला आणि केबिनची मागची काच फुटली. बाबा आत होते. लागलं नाही.
४. दुसऱ्या दिवशी काउकोच्या जावयाचाही ट्रॅक्टर जोडला, तेव्हा बाबांचा ट्रॅक्टर निघाला.

फोनवर बाबा तुला "जरा ओल आहे" एवढंच म्हणाले, ते मी ऐकलं.

बर्फ वितळल्यावर शेतात कधी उतरायचं, हे ते कसं ठरवतात तुला माहीत आहे. मूठभर माती दाबायची, गुडघ्याच्या उंचीवरून टाकायची, गोळा फुटला तर पेरायचं. लहानपणी आपणही त्यांच्यामागे गोळे टाकत जायचो. तुझा कधी फुटायचा नाही, कारण तू गुपचूप त्यात थुंकायचास. यंदाही त्यांनी बांधाजवळ गोळा टाकला होता. तो फुटला.

काउको आल्या आल्या म्हणाला, "काय रे, पेरतोयस की विहीर खणतोयस?" एरवी बाबांनी त्याला दोन ऐकवल्या असत्या. या वेळी म्हणाले, "हात गेले माझे. मातीच कळेनाशी झालीय. पुढच्या वर्षापासून तूच कर ही जमीन." काउको म्हणाला, "अरे, एकदा रुतलास म्हणून?" बाबा म्हणाले, "एकदाच पुरतं." तेव्हापासून ते ट्रॅक्टरवर चढलेले नाहीत. किल्ली माझ्याकडे दिली आहे. सकाळी खिडकीशी बसतात, कॉफी गार होते.

त्या शेताखाली आजोबांनी पुरलेल्या भाजक्या मातीच्या नळ्या आहेत. पाण्याचा निचरा हेच माझं काम, म्हणून मी तपासलं. नळीचं तळ्याकडचं तोंड कोरडं होतं, वर पाणी तुंबलेलं. मी मधे खणलं. नळी फुटलेली होती, कडा अजून लालभडक, म्हणजे ताजीच फुटलेली. त्या जागेतून एक निळा प्लास्टिकचा पाइप आडवा गेला आहे. तो तुझ्या नव्या सौनाला, त्या वाफेच्या न्हाणीघराला, पाणी नेतो. फुटक्या नळीच्या तोंडांवर चपटे दगड नीट बसवलेले होते. दगड आपोआप असे बसत नाहीत, ओस्सी.

नळी मी जोडली आहे. शेत वाळू लागलं आहे. मी चर साफ करत होते, असं बाबांना वाटतं. मी खरं सांगितलं, तर मुलगी समजूत घालतेय असं म्हणतील. तू सांगितलंस तर त्यांना पटेल. ते तुझ्यावर रागावतील, आणि मग उठून गोळा टाकायला जातील. रविवारी काउको जमिनीच्या करारावर सही घ्यायला येतो आहे. त्याआधी बाबांना फोन कर. केलास की नाही, ते मला शनिवारपर्यंत कळव.

तुझीच,
साइला