छताच्या कापडावरचा हात

मी, प्रफुल्ल परसराम मेश्राम, वय २६, शिक्षण नववी, धंदा गाड्यांचे कुशनकाम, राहणार आंबागड, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. सोमवारी नागपुरात माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. भिण्याचे कारण नाही असे डॉक्टर म्हणतात. तरी लिहितो.

१. शिलाई मशीन व घरातील माझा हिस्सा आई विमलाबाई हिला. मशीनला तेल देत जावे. दुकानमालक कैलाशभाऊ साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही. माझी चांगली कात्री त्यांनी आधीच नेलेली आहे.

२. बाबांची पांढरी ॲम्बेसेडर बहीण प्रतिक्षा हिला. यादोराव काकांना ती विकू देऊ नये. "भुताची गाडी भंगारात घाला," असे ते चौकात चार लोकांसमोर बोलले. मी विसरलेलो नाही.

३. छताबद्दल. मला गाडी शिकवताना बाबा डाव्या सीटवर बसून डावा तळहात छताला टेकवत. हाताला ग्रीस असे, म्हणून कापडावर पाच बोटे उमटली होती. ते वारल्यावर कापड लोंबू लागले, तेव्हा मी ते काढले. नवे कापड कापले, तारेच्या कमानींसाठी नेफे शिवले, मधून पुढे-मागे ताणत बसवले. एकही सुरकुती नव्हती. दिवाळीनंतर त्याच जागी पाच बोटे दिसली. नवे कापड बसवल्यापासून त्या सीटवर कोणीच बसले नव्हते.

कैलाशभाऊ म्हणाले, "गोंद फुटला असन बे. भेतं कायले?" पण या छताला गोंद फक्त कडेला लागतो. मी दुसरे कापड बसवले. पुन्हा हात. आईने त्यावर आपला हात ठेवून पाहिला.

"तुह्या बाबाची करंगळी अशीच वाकडी होती," ती म्हणाली. "राहू दे."

म्हणून तिसरे कापड बसवू नये. हा डाग पुसू नये.

४. प्रतिक्षा तिसऱ्या गिअरपर्यंत शिकली आहे. बाबांच्या जागेवर मला बसवेना, म्हणून मी तिला मागच्या सीटवरून शिकवत होतो. "दादा, ब्रेक तुह्या पायात हाय का?" असे ती हसायची. हात दिसल्यापासून ती गाडीत बसतच नाही.

प्रतिक्षा, गाडी पुरी शिक. डावी सीट रिकामी ठेव. मागच्या सीटच्या वर दुसरा हात उमटला तर भिऊ नको. माझी करंगळी सरळ आहे.

हे मी वाचून, समजून सही केली.

प्रफुल्ल परसराम मेश्राम

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. कैलाश सेवकराम पटले, तुमसर
२. अश्वजित रामटेके, आंबागड

आंबागड, दिनांक ८ जानेवारी २०२६